रेवतीचा शिळा ब्रॉथ

“वसुधा, अगं बघ तरी. हे कडं आहे की बांगडी?”

रेवतीने प्लेट माझ्या नाकासमोर धरली. मेंढीचं रक्त मिसळलेल्या लाल जेलीची ती प्लेट होती. मधोमध पाडलेलं एक भोक आणि त्याभोवती गोल, स्वच्छ, पारदर्शक कडं. कड्यातून पलीकडची तिची बोटं दिसत होती. नखात हळद होती, म्हणजे बाईसाहेब डबा खाऊन नुकत्याच आल्या होत्या.

“छान आहे,” मी म्हणाले.

“तुझं कसं आलंय?”

माझी प्लेट मी सकाळी आल्या आल्या पाहिली होती आणि इन्क्युबेटरमध्ये सगळ्यात मागे सरकवून ठेवली होती. तिच्यात एक भोक होतं आणि बाकी सगळं लाल होतं.

“अजून बघितलं नाही,” मी म्हणाले.

मी तेव्हा चोविशीत होते. सांगलीतल्या एका लहानशा संशोधन संस्थेत आष्टेकर बाईंच्या हाताखाली आम्ही दोघी काम करत होतो: मी, वसुधा चौगुले, आणि माझ्यानंतर सहा महिन्यांनी आलेली रेवती देशिंगकर. ‘माझ्यानंतर’ हा शब्द मी त्या काळात मनातल्या मनात इतक्यांदा घोकला असेल की विचारू नका. माझ्यानंतर येऊन तिने प्रयोगशाळेत रेडिओ आणला. माझ्यानंतर येऊन ती बाईंच्या खोलीत दार न वाजवता जायला लागली. शीतगृहात नमुने आणायला जायचं असलं की बाई आपला स्वेटर काढून तिला द्यायच्या, “घाल गं, गारठशील” म्हणून. मला त्यांनी कधी विचारलं नाही, कारण मी माझा स्वेटर घरून आणत असे.

त्या उन्हाळ्यात तासगावकडच्या एका लग्नात निम्मं वऱ्हाड पोट धरून आडवं झालं होतं. भात आदल्या रात्रीच शिजवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला, आणि पातेल्याच्या मधोमध तो दुसऱ्या दिवशीपर्यंत कोमट राहिलेला. त्या भाताचा नमुना बाईंकडे आला आणि त्यातून त्यांनी जंतू वेगळा काढला. बॅसिलस सीरियस त्याचं नाव. तसा तो मातीत असतो, तांदळात असतो, तुमच्याआमच्या सगळ्यांच्या पोटात रोज थोडा जातो आणि काही करत नाही.

“विष करायची जनुकं याच्याकडे बारा महिने आहेत,” बाई आम्हाला समोर बसवून म्हणाल्या होत्या. “पण एरवी ती बंद असतात. ती उघडतात केव्हा? कशामुळे? ऊब लागते म्हणून, मीठ कमी पडतं म्हणून, की आणखी कशाने? एवढंच मला हवंय.” मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “आणि पीएच.डी.ला यंदा मला एकच जागा मिळालीय. ह्याचं उत्तर जिच्याकडून येईल ती राहील.”

रेवती म्हणाली, “अरे वा.” ती जागा मला मिळाली नाही तर घरी जाऊन कुठल्या तरी शाळेत विज्ञान शिकवायचं आणि मामांनी आणलेली स्थळं बघायची, हे ठरलेलं होतं. पण खरं सांगायचं तर मला त्याचीही एवढी भीती नव्हती. मी गेल्यावर रेवती बाईंजवळ राहील, याची होती.

काम तसं सोपं होतं. जंतू रात्रभर ब्रॉथमध्ये वाढवायचे. ब्रॉथ म्हणजे त्यांचं जेवण, मांसाच्या अर्काचं पातळ सूप. सकाळी ते सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवले की जंतू नळीच्या तळाशी बसतात. वरचा जुना ब्रॉथ ओतून द्यायचा, जंतू मिठाच्या पाण्याने धुवायचे आणि नव्या ब्रॉथमध्ये सोडायचे. मग मीठ कमी-जास्त कर, स्टार्च घाल, ऊब बदल असं करून दोन तासांनी विष झालंय का ते रक्ताच्या प्लेटवर बघायचं. त्या ब्रॉथचा थेंब भोकात सोडला आणि त्यात विष असलं की भोवतालच्या तांबड्या पेशी फुटतात, लाली जाते आणि कडं दिसतं. जेवढं विष जास्त, तेवढं कडं मोठं.

रेवतीचं कडं रोज यायचं. मीठ घाल, घालू नको, स्टार्च घाल, घालू नको, कडं हजर. माझ्या प्लेटा लालच्या लाल. आणि काम मी तिच्यापेक्षा दसपट स्वच्छ करत होते, हे बाईंसकट सगळ्यांना दिसत होतं. माझ्या पिपेट घासूनपुसून रांगेत लावलेल्या असायच्या. तिच्या टेबलावर कंगवा सापडायचा.

रक्त आणायलाही आम्ही आळीपाळीने कत्तलखान्यात जायचो. फ्लास्कमध्ये काचेचे मणी घालून न्यायचे आणि रक्त घेतल्यावर फ्लास्क हलवत राहायचं, नाहीतर ते गोठतं. मी गेले की तिथले मामा म्हणायचे, “थांबा जरा, गिऱ्हाईक आहे.” ती गेली की लगेच आणायची, वर सांगायची, “मामांनी स्वतः हलवून दिलं गं, माझा हात दुखेल म्हणून.” असल्या गोष्टींनी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रक्तासाठीसुद्धा तिचाच नंबर आधी.

एक दिवस मी ठरवलं, हिच्या हाताला एवढं काय यश आहे ते आता बघायचंच. पिपेट घासायचं निमित्त करून मी तिच्या मागच्या बेसिनपाशी उभी राहिले. तिने सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली, गाणं गुणगुणत जुना ब्रॉथ फ्लास्कमध्ये ओतायला लागली, निम्मा ओतला आणि थांबली. उरलेल्यातच तिने नवा ब्रॉथ घातला, नळी बोटांत घोळवली आणि नळ्या हलवत ठेवणाऱ्या शेकरवर लावून मोकळी झाली.

“तू धूत नाहीस?” मी विचारलं.

“काय?”

“जंतू. जुना ब्रॉथ सगळा काढून ते धुवायचे असतात, रेवती. बाईंनी पहिल्या दिवशी दाखवलंय.”

“अगं, राहिला थोडा तर काय बिघडतं? दही लावताना नाही का आपण जुन्यातलं घालत?” आणि ती हसली. ती हसली की तिच्या गालाला खळी पडायची. तेही मला खपायचं नाही.

पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला की तिची खळीही मी माफ केली. कारण सगळा उलगडा झाला होता. तिच्या कड्यात काही राम नव्हता. जंतूंनी रात्रभरात जे विष केलं असेल ते जुन्या ब्रॉथमध्ये होतं, आणि तेच निम्मं शिळं विष ती रोज नव्या नळीत घेऊन जात होती. ताज्या विषाचा पत्ताच नव्हता. तिची इतक्या महिन्यांची मेहनत म्हणजे निव्वळ घाणेरडं काम होतं. मी हात पुसले आणि बाईंच्या दारावर टकटक केली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तुझं म्हणणं, ते कडं आजच्या विषाचं नाही, कालच्या आहे.”

“हो बाई.”

“असू शकेल.” त्या थोडा वेळ पेन बोटांत फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो रेवतीसाठी पडला आहे हे मला कळत होतं. “रेवतीला बोललीस हे?”

“नाही.”

“हं.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सोमवारी मला जागेसाठी नाव कळवायचंय. त्याच्या आत सिद्ध करून दाखव. नुसतं सांगू नकोस.”

नाव कुणाचं कळवणार होत्या ते मी विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

मी रेवतीकडे गेले. “तुझा जुना ब्रॉथ देतेस? ओतून दिलेला.”

“घे की. फेकणारच होते. कशाला गं?”

“बघायचंय काहीतरी.”

“मग हाही घे, कालचा आहे,” म्हणून तिने दुसरी बाटलीही माझ्या हातात दिली. काय बघायचंय हे तिने विचारलंसुद्धा नाही.

डाव मी नीट मांडला. तो ब्रॉथ आधी बारीक गाळणीतून गाळला, एकही जंतू त्यात राहता कामा नये म्हणून. हा जंतू नुसत्या उकळण्याने मरत नाही. बीजासारखं कवच धरून बसतो, भातात टिकतो तो त्यामुळेच. गाळून झाल्यावर त्याचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसरा खळखळून उकळला, कारण त्याचं हे विष उकळलं की मरतं. मग प्लेटा लावल्या. पहिल्या प्लेटच्या भोकात रेवतीचा गाळलेला ब्रॉथ: इथे कडं यायला हवं, शिळ्या विषाचं. दुसरीत गाळून उकळलेला: इथे काही येता कामा नये. एवढ्यावरही भागलं असतं. पण मला तिच्या कड्याचा नायनाटच करायचा होता. म्हणून मी माझे जंतू घेतले, चांगले पुन्हा पुन्हा धुतलेले, रोज माझी प्लेट कोरी ठेवणारे, आणि निम्म्या नव्या ब्रॉथमध्ये निम्मा तिचा उकळलेला ब्रॉथ घालून ते त्यात सोडले. दोन तासांनी त्याचा थेंब तिसऱ्या प्लेटवर. हुबेहूब तिची पद्धत, फक्त शिळं विष मेलेलं. आता कडं येणार नाही, आणि मग कुणाला काही बोलायला जागाच उरणार नाही.

शनिवारी दुपारी मी प्लेटा बाहेर काढल्या तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच होते. बाई रेवतीला घेऊन बाजारात गेल्या होत्या. त्यांच्या भाचीचं बारसं होतं आणि रेवतीची नजर म्हणे कापडाच्या बाबतीत चांगली होती.

पहिल्या प्लेटवर कडं होतं. दुसरी कोरी. मी मनातल्या मनात हात जोडले.

तिसरी प्लेट मी उजेडाकडे धरली आणि तशीच धरून उभी राहिले. रेवतीची सगळी कडी तिच्यापुढे फिकी होती. भोकापासून जवळजवळ काठापर्यंत लाली निघून गेली होती. खिडकीबाहेरचं चाफ्याचं झाड त्यातून स्वच्छ दिसत होतं.

माझ्याच हाताने केलेलं होतं, त्यामुळे चूक झाली म्हणायची सोय नव्हती. तरी मी पुन्हा सगळं केलं, आणि रविवारी येऊन पाहिलं तर पुन्हा तेच. उकळलेल्या ब्रॉथमध्ये विष नव्हतं. पण त्यात असं काहीतरी होतं, की ज्याने माझ्या मुक्या जंतूंना विष करायला लावलं होतं. तेही तिच्यापेक्षा जास्त, कारण तिच्या ओतण्यात पुष्कळ जंतू वाहून जायचे, माझे सगळे शाबूत होते. मी रोज निगुतीने, मिठाच्या पाण्याने, नेमकं तेच धुऊन टाकत होते.

रविवारभर मी त्या प्लेटांसमोर बसून होते. पहिल्या दोन दाखवायच्या आणि तिसरी धुऊन टाकायची, इतकं सोपं होतं ते. त्यात खोटं काही नव्हतं. रेवतीच्या कड्यात शिळं विष होतंच, आणि ते सिद्धही झालं होतं. सोमवारी माझं नाव गेलं असतं. तिसरी दाखवली तर रेवती नुसती सुटणार नव्हती, बाईंना हवं असलेलं उत्तरच तिच्या गलथानपणातून निघत होतं.

सोमवारी मी तिन्ही प्लेटा बाईंच्या टेबलावर ठेवल्या. मला सत्याचा पुळका आला वगैरे समजू नका. इतकं मोठं, इतकं सुरेख कडं त्या प्रयोगशाळेत कुणी केलं नव्हतं, ते मी केलं होतं, आणि बाईंनी ते पाहावं असं मला वाटत होतं. रेवतीची बांगडी त्यांनी कौतुकाने पाहिली होती ना, मग माझी का नाही?

बाई तिसरी प्लेट घेऊन खिडकीशी गेल्या.

“ह्यात रेवतीचा ब्रॉथ उकळून घातलास?”

“गाळून आणि उकळून.”

“म्हणजे तिच्या ब्रॉथमधून ह्यात विष आलं नाही.”

“नाही.”

“जंतूही आले नाहीत.”

“नाही बाई.”

“मग आलं काय?”

“निरोप,” मी म्हणाले. हा शब्द मला रविवारी संध्याकाळी सुचला होता. “हे जंतू ब्रॉथमध्ये काहीतरी बारीकसं सोडत असणार. थोडे असले तर ते विरून जातं. गर्दी झाली की साठत जातं, आणि पुरेसं साठलं की त्यांना कळतं, आता आपण पुष्कळ आहोत. मग सगळे एकदम विषाची जनुकं उघडतात. एकट्यादुकट्याने विष करून त्याला काय मिळणार? कोमट भातात रात्रभर हेच होत असणार. मी धुतल्यावर जंतू तेवढेच राहत होते, पण निरोप जात होता. दोन तासांत नवा साठत नव्हता.”

“समुद्रातले काही जंतू असे गर्दी झाली की चमकतात, ते मी वाचलं होतं,” बाई हळूच म्हणाल्या. “पण आपल्या भातातला...” आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, माझ्याकडे बघून. मला वाटलं, आता रेवती आली नाही तर बरं.

रेवती आलीच, नेहमीसारखी दार न वाजवता. बाईंनी तिला सगळं सांगितलं, तिच्या न धुण्याची गोष्ट आणि शिळ्या विषाची गोष्टसुद्धा. माझी नजर तिच्यावरून हलत नव्हती. ती रागावेल, रडेल, निदान म्हणेल की माझ्या नकळत हे सगळं चाललं होतं. तिने प्लेट घेतली, डोळ्याला लावली आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं.

“मला वाटायचं माझ्या हाताला गुण आहे,” ती म्हणाली. “हा तर माझा आळस निघाला.” आणि हसायला लागली. बाईही हसल्या. मलाही ओठ हलवावे लागले.

“आता नाव कुणाचं कळवू मी?” बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. त्या खरोखर अडचणीत पडल्या होत्या. “तू धुतलं असतंस तर हे दिसलं नसतं. आणि हिने उकळलं नसतं तर कळलं नसतं.”

“वसुधाचं कळवा,” रेवती म्हणाली.

“विचार करून बोल.”

“केला की. मला हे सुचलं नसतं, बाई, दहा वर्षं दिली असती तरी. आणि तिला किती हवंय ते दिसतंय ना. मला काय, मी कुठेही रमते. फलटणला एक डेअरी निघतेय, तिथे विचारलंय त्यांनी मला.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. नुसता धरून ठेवला. महिनोन्‌महिने मी ज्यासाठी जळत होते ते तिने ताटातली जास्तीची पोळी उचलून द्यावी तसं मला दिलं होतं, आणि देऊन वर बाईंचा हातही तिच्याच हातात होता. ‘मला नको तुझं दिलेलं’ असं म्हणायला मी तोंड उघडलं.

“चालेल,” मी म्हणाले.

पुढे त्या निरोपाचं खरं रूप परदेशातल्या लोकांनी शोधलं. प्रथिनाचा इवलासा तुकडा निघाला तो. माझं चांगलं चाललं. पीएच.डी. झाले, शिकवलं, विभागप्रमुख झाले, दोनदा परदेशी जाऊन त्याच विषयावर बोलून आले. रेवती फलटणला गेली, तिथल्याच एका पशुवैद्याशी लग्न केलं. आमची गाठ पडायचं कारण नव्हतं आणि मी ते काढलंही नाही.

मागच्या वर्षी बाईंना पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी छोटा समारंभ केला. बाई आता खुर्चीतून फारशा उठत नाहीत. जेवणाच्या वेळी रेवती माझ्याशेजारी येऊन बसली. केस पांढरे, अंगाने सुटलेली, गालाची खळी तशीच.

“सांग ना, काय काय केलंस,” ती म्हणाली.

मी सांगितलं. एरवी मी कुणाला सांगत नाही, तिला मुद्दाम सगळं सांगितलं. परदेशातलं व्याख्यान, माझ्या हाताखाली पीएच.डी. झालेली मुलं, मिळालेला पुरस्कार, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. थोडासा, नखाएवढा हेवा मला तिथे बघायचा होता. एवढ्या वर्षांत तेवढा तरी मला मिळायला हवा होता. ती जेवायची थांबून ऐकत होती, डोळे भरून आले होते, आणि त्यात आनंदाशिवाय काही नव्हतं.

“खरंच गं, वसुधा,” ती म्हणाली. “बाई नेहमी म्हणतात मला, वसुधाने नाव काढलं.”

“नेहमी म्हणजे?”

“रविवारी फोन करतात ना. एक रविवार चुकत नाही त्यांचा, मी फलटणला गेले तेव्हापासून. आधी पत्रं असायची.” तिने माझ्या पानात जिलबी वाढली. “तुला कुठल्या वारी करतात?”

बाई पलीकडे खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

“बुधवारी,” मी म्हणाले.